पेपर सॉस, कॅरिबियन

कॅरिबियन बेटांवर आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील गयानात घरोघरी बाटलीत भरून ठेवला जाणारा, जेवताना थेंबाथेंबाने घ्यायचा जहाल मिरचीचा आंबट-खारट सॉस. तिथल्या इंग्रजीत ‘पेपर’ म्हणजे मिरचीच. काळ्या मिरीला ‘ब्लॅक पेपर’ असे मुद्दाम वेगळे म्हणावे लागते. ठरलेली एकच कृती नाही. मिरची, मीठ आणि काहीतरी आंबट ही तिकडी मात्र सर्वत्र सारखी असून कांदा, लसूण, मोहरी, हळद, कच्ची पपई, गाजर, औषधी पाला यांची भर बेटागणिक आणि घरागणिक बदलते.

मिरची व तिचे नाव : हा सॉस मुख्यतः स्कॉच बॉनेट या मिरचीचा होतो. फळ लहान टोमॅटोएवढे, चपटे, कडेला चुण्या पडलेले. स्कॉटलंडमधील लोकरी टोपीशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले. पिकल्यावर ते पिवळे, नारिंगी किंवा लाल होते. तिखटपणाआड जर्दाळूची आठवण करून देणारा फळाचा सुगंध असतो आणि सॉसची खरी ओळख त्या सुगंधातच आहे. नुसताच तिखट सॉस कोणत्याही मिरचीचा करता येईल. बार्बाडोसमध्ये हिच्या जवळच्या वाणाला ‘बॉनी पेपर’ म्हणतात, त्रिनिदादमध्ये ‘काँगो पेपर’ प्रचलित आहे, तर ग्वादलुप व मार्तिनीक या फ्रेंच बेटांवर ‘बोंदा मां झाक’. गयानात चेरीएवढी गोल ‘विरी विरी’ही वापरतात.

यांतील बहुतेकांची जाती कॅप्सिकम चायनेन्से. हे नाव चुकीवर उभे आहे. ऑस्ट्रियाच्या दरबाराने व्हिएन्नातील शनब्रुन राजवाड्याच्या बागेसाठी वनस्पती गोळा करायला निकोलाउस योसेफ फोन जॅक्विन याला १७५०च्या दशकात वेस्ट इंडीजमध्ये पाठवले होते. पुढे १७७६च्या सुमारास त्याने या मिरचीचे वर्णन छापले आणि तिचा मूळ देश चीन समजून तसे नाव दिले. वनस्पती-नामकरणाच्या नियमांत आधी छापलेले नाव, अर्थ चुकला तरी, टिकते. त्यामुळे अमेरिका खंडातील ही मिरची आजही कागदोपत्री ‘चिनी’ आहे. मधल्या काळात ही जातीच बाजूला पडली. १९५७ साली पॉल स्मिथ आणि चार्ल्स हायझर यांनी तिला पुन्हा वेगळे स्थान मिळवून दिले. त्याआधीच्या कोशांत स्कॉच बॉनेट कधी कॅप्सिकम ॲन्युम, तर कधी कॅप्सिकम फ्रुटेसेन्स या जातीखाली सापडते. जुना कोश वाचताना हे लक्षात ठेवावे लागते. एका पेराशी दोन किंवा अधिक फुले आणि फळाच्या देठाशी, निदलपुंजाखाली (फळाच्या बुडाशी राहणाऱ्या हिरव्या टोपीखाली) दिसणारी आवळलेली कडा या तिच्या ढोबळ खुणा. तिन्ही जातींचा परस्पर संकर होऊ शकतो, म्हणून काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना एकाच समूहाची रूपे मानतात. स्वयंपाकाच्या दृष्टीने मात्र त्या वेगळ्या मानणेच सोयीचे, कारण सुगंधातला फरक ठळक आहे.

उगम : चायनेन्से मिरची ॲमेझॉनच्या सखल खोऱ्यात माणसाळली, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. ती बेटांवर कशी आली याविषयी दोन मते आहेत. मिरचीचा दाह पक्ष्यांना जाणवत नाही आणि ते बिया दूरवर नेतात, म्हणून काहींनी पक्ष्यांकडे बोट दाखवले. पण लागवडीतली मोठी फळे रानमिरचीसारखी देठापासून सहज सुटत नाहीत. त्यामुळे इ. स. पू. ५००च्या आसपास दक्षिण अमेरिकेतील ओरिनोको नदीच्या खोऱ्यातून होड्यांनी बेटांकडे सरकलेल्या अरावाक-भाषक शेतकऱ्यांनीच ती कसाव्यासोबत (ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात ते पीक) नेली असावी, हे मत अधिक पटणारे वाटते. बहामापासून पेरूपर्यंतच्या सात उत्खननस्थळी मिरचीचे पिष्टकण सापडल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. बहामातील कण कोलंबसपूर्व काळातले आहेत.

लेखी पुरावा कोलंबसापासून सुरू होतो. त्याची रोजनिशी लास कासास या स्पॅनिश धर्मोपदेशकाने केलेल्या सारांशरूपानेच उरली आहे. तीत १५ जानेवारी १४९३च्या नोंदीत ‘आही’ नावाच्या मसाल्याचा उल्लेख आहे: तो मिरीहून मोलाचा, त्याखेरीज इथले लोक जेवत नाहीत, आणि एस्पान्योला (आज हैती व डॉमिनिकन प्रजासत्ताक असलेल्या) बेटावरून वर्षाला ५० गलबते भरतील एवढा तो पिकतो. दुसऱ्या सफरीतील वैद्य दिएगो आल्वारेझ चांका यानेही हा मसाला नोंदवला आहे. तथापि मिरची खाणे वेगळे आणि मिरचीचा सॉस करून ठेवणे वेगळे, आणि इथेच मतभेदाला जागा मिळते.

वादाचे मूळ आंबटपणात आहे. लिंबू बेटांवरचे नव्हे. लिंबूवर्गीय फळांचे बी १४९३च्या सफरीत स्पॅनिशांनी आणले. व्हिनेगरही युरोपीय जहाजांतून आले. त्याआधीचा द्रव म्हणजे कडू कसाव्याचा पिळून काढलेला रस. कच्चा असताना त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात, दीर्घकाळ उकळल्यावर ती निघून जातात. हा रस आटवून गयानात आजही ‘कॅसरीप’ हा काळसर पाक करतात आणि मिरची घातलेल्या ‘पेपरपॉट’ या मांसाच्या पदार्थात तो घालतात. बेटांवरचे मूळ रहिवासी कालिनागो लोक खेकड्याच्या आतल्या मगजात मिरची व कसाव्याचा रस घालून ‘तॉमाली’ करीत. खेकडा-शेवंड्यांच्या या भागाला इंग्रजीत ‘टोमॅली’ म्हणतात तो शब्द तिथूनच आला. आजच्या सॉसचा पूर्वज म्हणून तॉमालीकडे पाहणे योग्य वाटते, मात्र आंबट द्रव बदलत गेला: आधी कसावा, मग लिंबू, मग व्हिनेगर.

बार्बाडोसमध्ये १६४७ ते १६५० या काळात राहिलेला इंग्रज रिचर्ड लिगॉन याने १६५७ साली छापलेल्या वृत्तांतात दोन प्रकारच्या लाल मिरच्यांचे वर्णन केले आहे. एक लांबट, पोवळ्यासारखी चकाकणारी. दुसरी अंगरख्याच्या मोठ्या गुंडीच्या आकाराची. ही गुंडी म्हणजे आजची बॉनी मिरची असावी, असे मानण्यास जागा आहे.

फ्रेंच बेटांवरचा पुरावा अधिक वेदनादायक आहे. मार्तिनीकमध्ये मठाच्या ऊसमळ्याचा कारभार पाहणारा धर्मोपदेशक झां-बातिस्त लाबा ‘पिमांताद’ हा शब्द मिठाच्या पाण्यात मिरची आणि लहान लिंबे चुरून केलेल्या द्रवासाठी वापरतो. फटके मारलेल्या गुलामांच्या जखमांवर हा द्रव ओतला जाई. जखम चिघळू नये म्हणून, असे समर्थन केले जाई. जेवणातल्या सॉसचे तीन मूळ घटक आणि या शिक्षेचे तीन घटक एकच आहेत. हा सॉस ज्या स्वयंपाकघरांत घडला ती बहुतांशी गुलामीत जखडलेल्या आफ्रिकी स्त्री-पुरुषांची होती, आणि त्याच हातांनी तो जेवणाचा आनंद म्हणून पुढच्या पिढ्यांना दिला. पाककृतींच्या बहुतेक संग्रहांत ही बाजू येत नाही. ती यायला हवी.

बार्बाडोसचा पिवळा सॉस : बार्बाडोसच्या सॉसमध्ये मोहरी आणि हळद असते. या हळदीचे श्रेय सर्रास भारतीय मजुरांना दिले जाते. करारबद्ध भारतीय मजूर गयानात १८३८ पासून आणि त्रिनिदादमध्ये ३० मे १८४५ पासून आले हे खरे. पण बार्बाडोसमध्ये अशी मजूरभरती जवळजवळ झालीच नाही. तिथे मळ्यांसाठी स्थानिक मजूर पुरेसे होते. म्हणून दुसरा मार्ग अधिक संभवनीय दिसतो. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात भारतीय लोणच्याच्या नकला होऊ लागल्या होत्या. हॅना ग्लास हिच्या पाककृती-ग्रंथाच्या १७५८च्या आवृत्तीत ‘पाको-लिला किंवा इंडिया पिकल’ अशी कृती असून तीत आले, लसूण, मोहरी, हळद आणि व्हिनेगर आहे. हेच पुढचे ‘पिकलिली’. इंग्रजांच्या या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एका बेटावर मोहरी-हळदीची जोडी इंग्रजी लोणच्याच्या बरणीतून पोचली असावी. तसे असेल तर आपल्या लोणच्याच्या खाराचे आणि बार्बाडोसच्या सॉसचे नाते खरेच आहे, फक्त ते लंडनमार्गे आहे.

तिखटपणा : दाह कॅप्सेसीन व त्याच्या जवळच्या संयुगांमुळे होतो. ती बियांत नव्हे, तर बिया ज्या पांढुरक्या शिरांना चिकटलेल्या असतात तिथे तयार होतात. बियांना केवळ त्यांचा लेप लागलेला असतो. औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल याने १९१२ मध्ये सुचवलेल्या मापावर स्कॉच बॉनेट साधारण १ ते ३.५ लाख एकके भरते. त्रिनिदादच्या मोरुगा स्कॉर्पियन या वाणाची सरासरी न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठातील चाचणीत १२ लाखांवर गेल्याचे २०१२ साली जाहीर झाले. हे आकडे वाळलेल्या मिरचीच्या वजनावर काढतात. ताज्या फळात सुमारे ८५ ते ९० टक्के पाणी असते आणि सॉसमध्ये इतर घटकही मिसळतात, त्यामुळे बाटलीतला सॉस आकड्याच्या मानाने खूपच सौम्य ठरतो. कॅप्सेसीन पाण्यात विरघळत नाही, तेलात व मद्यार्कात विरघळते. व्हिनेगरने किंवा शिजवण्याने ते नाहीसे होत नाही. शिजवल्याने उडतो तो सुगंध. तोंड पोळले असता पाणी निरुपयोगी, दूध-दही उपयोगी.

घरगुती कृती : बार्बाडोसच्या धाटणीच्या सॉससाठी देठ काढलेल्या पाव किलो स्कॉच बॉनेटला एक मोठा कांदा, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे मीठ, एक चमचा हळद, एक चमचा तांबूस साखर, ५० ग्रॅम मोहरीची पूड आणि ५ टक्के आम्लतेचे पाव लिटर व्हिनेगर हे प्रमाण चालते. मोहरी आधी फेसून घ्यावी, म्हणजे थंड पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवावी. मोहरीचा झणका पाण्याच्या संपर्काने तिच्यातील विकर (एन्झाइम) जागे झाल्यावर तयार होतो आणि व्हिनेगर आधीच पडले तर ते विकर मंदावते. लोणच्यासाठी मोहरी फेसणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. मग सर्व घटक एकत्र वाटावेत. काही घरी सॉस कच्चाच ठेवतात, काही मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे शिजवतात. सुगंधासाठी कच्चा सरस, टिकण्यासाठी शिजवलेला.

हातमोजे अनिवार्य आहेत. हात झोंबू लागलेच तर आधी तेल चोळून मग साबणाने धुवावेत. शिजवताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि गरम सॉसवर वाकून पातेल्याचे किंवा मिक्सरचे झाकण कधीही उघडू नये. या मिरचीचा खकाणा लवंगी मिरचीच्या फोडणीहून कितीतरी उग्र असतो आणि दमेकऱ्याला तो धोक्याचा ठरू शकतो.

सुरक्षिततेचा कणा आम्लता हा आहे. बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू ४.६ पेक्षा कमी सामू (पीएच) असताना वाढत नाहीत. घरच्या सॉससाठी ४च्या खालचे लक्ष्य ठेवावे. मिरची, कांदा, लसूण, गाजर, पपई हे सर्व कमी आम्लाचे. म्हणजे सॉस सौम्य करण्यासाठी पपई किंवा गाजर वाढवले की व्हिनेगरही वाढवणे भाग आहे. भारतात मिळणारे व्हिनेगर पुष्कळदा ४ टक्क्यांचे असते, तेव्हा लेबल वाचून प्रमाण बदलावे. हळदीच्या रंगामुळे सामूची कागदी पट्टी फसवते, त्यामुळे लहान इलेक्ट्रॉनिक मापक बरा. आम्लात लसूण कधीकधी हिरवट-निळसर होते, तो बिघाड नव्हे.

मिरची आधी आंबवून घेण्याचीही रीत आहे. वाटलेल्या मिरचीत वजनाच्या अडीच-तीन टक्के मीठ घालून बरणी सैल झाकणाने एक ते दोन आठवडे ठेवतात. दुग्धाम्ल तयार करणारे जंतू आंबटपणा आणतात, वायूचे बुडबुडे येतात, चव खोल होते. वर केसाळ बुरशी दिसली तर सर्व टाकून द्यावे. वरचा थर काढून वाचवू नये. बाटल्या काचेच्या, उकळून घेतलेल्या असाव्यात. उघड्या धातूचे झाकण आम्लाने गंजते.

बेटांवरील प्रकार : त्रिनिदादच्या सॉसमध्ये ‘शॅडो बेनी’ हा कोथिंबिरीसारख्या वासाचा, लांब दातेरी पानांचा पाला घालतात. भारतीय वंशाचे लोक त्याला ‘बंधनिया’ म्हणतात. ‘डबल्स’, म्हणजे ‘बरा’ या मऊ तळलेल्या पुऱ्यांतले छोले, विकणाऱ्या गाड्यावर हा सॉस ‘स्लाइट’, म्हणजे किंचितच, असा मागण्याची पद्धत आहे. जमेकात स्कॉच बॉनेटच्या चकत्या कांदा-गाजरासह व्हिनेगरमध्ये मुरवून तळलेल्या माशावर घालतात. हैतीत ‘सोस ती-मालिस’ आणि कोबीचे ‘पिक्लिझ’, फ्रेंच बेटांवर लिंबू-तेलाचा ‘सॉस शियां’.

भारतात : मिरची गोव्यात पोर्तुगिजांमार्फत आली आणि मुंबईकडे तिला ‘गोवाई मिरची’ असे नाव असल्याचे जुन्या नोंदींत आढळते. महाराष्ट्रात रुजली ती मुख्यतः ॲन्युम जाती. लवंगी, संकेश्वरी, ब्याडगी या तिच्याच. चायनेन्सेचा वारसा ठळकपणे दिसतो तो ईशान्येकडच्या भूत जोलोकियात, जिची २००७ साली १०,०१,३०४ एककांचा विक्रम म्हणून नोंद झाली. स्कॉच बॉनेट न मिळाल्यास वरील पाव किलोऐवजी ५० ग्रॅम ताजी भूत जोलोकिया आणि उरलेले वजन पिकलेल्या पिवळ्या ढोबळ्या मिरचीचे घ्यावे. लवंगीने तिखटपणा येतो, सुगंध येत नाही.