फेझंटचे मांस

फेझंट हा कोंबडीच्या कुळातला, जमिनीवर चरणारा, लांब शेपटीचा पक्षी. शास्त्रीय नाव फॅसिॲनस कॉल्चिकस. युरोप-अमेरिकेत शिकारीच्या मोसमात याचे मांस आवडीने खाल्ले जाते, आणि कमी चरबीचे मांस म्हणून त्याचा बराच बोलबाला आहे. सातारा-सांगलीच्या रानात हा पक्षी नाही, बाजारातही मिळत नाही. तरी या भागातल्या वाचकाला तो अगदीच परका नाही. सह्याद्रीतला रानकोंबडा, बांधावरचा तित्तर, मोर, लावरी आणि परड्यातला गावरान कोंबडा ही सारी फॅसिॲनिडी याच कुळातली भावकी. फेझंट शिजवताना परदेशी स्वयंपाक्याला जी अडचण येते, तीच निबर कोंबडा शिजवताना खटाव-माणच्या चुलीपुढे येते, म्हणून ही नोंद दोघांचाही विचार करते.

नाव आणि प्रसार

काळ्या समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्जियात, कॉल्किस नावाचा प्राचीन प्रदेश होता. तिथल्या फॅसिस (आजची रिओनी) नदीच्या काठचा पक्षी म्हणून ग्रीकांनी त्याला हे नाव दिले. नदी आणि प्रदेश दोन्ही त्याच्या शास्त्रीय नावात शिल्लक आहेत. मूळ आशियातला हा पक्षी माणसाने शिकारीसाठी जगभर नेला. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये तो 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमधून आणून सोडला गेला, आणि पुढे साउथ डकोटाने त्याला राज्यपक्षीच करून टाकले. ब्रिटनमध्ये आजही दरवर्षी कोट्यवधी पिले पाळून रानात सोडतात आणि 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी या काळात त्यांची शिकार चालते. तेव्हा ‘रानातले शुद्ध मांस’ म्हणून जे विकले जाते, त्यातले बरेचसे पक्षी लहानपणी खुराड्यातच वाढलेले असतात.

भारतात फेझंट हिमालयाचे. मोनाल हा उत्तराखंडचा राज्यपक्षी, जुजुराणा हिमाचलचा. मराठीत या पक्ष्याला जुना शब्द नाही, कारण तो इथे कधी नव्हताच. काही भाषांतरांत त्याला सरळ ‘तितर’ म्हणतात, ते चूक आहे. तित्तर आखूड शेपटीचा, वेगळा पक्षी.

सह्याद्रीतले नातलग

कोयना, चांदोली, महाबळेश्वर, ठोसेघर या पट्ट्यात पहाटे रानकोंबडा ओरडतो. बांग गावच्या कोंबड्यासारखी लांबवलेली नसते, तुटक असते आणि झटक्यात संपते. त्याच्या मानेवरच्या पिसांना मेण लावल्यासारखे पिवळसर ठिपके असतात. या ठिपक्यांपायी परदेशात मासे पकडायच्या कृत्रिम माश्या बांधायला ही पिसे वापरत, आणि त्या व्यापारात या पक्ष्याचे बरेच नुकसान झाले. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज उत्तर व पूर्वेकडचा लाल रानकोंबडा आहे. पण तिच्या पिवळ्या कातडीचा गुण आपल्याकडच्या राखी रानकोंबड्यापासून आला, असे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात दिसले. आठवडी बाजारात पिवळ्या पायांची कोंबडी निवडून घेणाऱ्याच्या हातात या डोंगरातल्या पक्ष्याचा एवढा तरी अंश असतो.

याच झाडीत चकोत्री आढळते. तिच्या नराच्या प्रत्येक पायाला दोन किंवा अधिक काटे असतात. पूर्वेकडे, माण-खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या माळावर तित्तर आणि लावरी.

यांपैकी एकाही रानपक्ष्याची शिकार कायदेशीर नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार मारणे, पकडणे, फास लावणे आणि मांस बाळगणे हे सगळेच गुन्हे. मोर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर त्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. ‘आमच्याच रानातलं पाखरू’ हा बचाव चालत नाही; पाखरू रानमालकाचे नसते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळे डोंगरपट्ट्यात गस्तही वाढली.

फासेपारधी समाजाचे नावच फासावरून पडले. तित्तर-लावरी धरणे हा त्यांचा पिढीजात धंदा होता. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अशा कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, तो शिक्का 1952 मध्ये कागदावरून निघाला, आणि 1972 च्या कायद्याने धंदाही गेला. शिकारबंदी योग्यच होती. पण हातचे कौशल्य काढून घेताना त्या जागी काय दिले, हा प्रश्न तिच्याबरोबर येतो.

पोषण

कातडी काढलेल्या कच्च्या फेझंटच्या 100 ग्रॅम मांसात सुमारे 133 किलोकॅलरी, 23.6 ग्रॅम प्रथिने आणि 3.6 ग्रॅम चरबी असते. कातडीसह घेतले तर चरबी 9 ग्रॅमच्या वर जाते. आता शेजारी साधी ब्रॉयलर कोंबडी ठेवावी: कातडी काढून सुमारे 119 किलोकॅलरी, 21.4 ग्रॅम प्रथिने, 3.1 ग्रॅम चरबी. म्हणजे सोललेल्या मांसात चरबीचा फरक नाहीच म्हणा, उलट कोंबडी किंचित हलकी. फरक कातडीखाली आहे. ब्रॉयलरची कातडी धरली तर चरबी 15 ग्रॅमपर्यंत जाते. फेझंट आपल्या अन्नामागे पळतो, प्रसंगी झपकन उडतो, कातडीखाली साठवायला त्याच्याकडे फारसे उरत नाही.

सातारा-सांगलीत ब्रॉयलर बहुधा सोलूनच विकला जातो, आणि कातडीसकट खाल्ली जाते ती गावरान. पिसे उपटायची, हळद चोळायची, जाळावर फिरवून बारीक केस जाळायचे आणि भाजलेली कातडी तशीच रश्श्यात घालायची. चवीचा अर्धा हिस्सा त्या कातडीत असतो, हे कुणीही सांगेल.

प्रथिनांखेरीज फेझंटमधून नायसिन, ब६, ब१२ ही जीवनसत्त्वे, फॉस्फरस आणि सेलेनियम मिळते. लोहाच्या बाबतीत मात्र तो साधाच आहे, 100 ग्रॅममागे 1 मिलिग्रॅमच्या थोडे वर. इथे लावा वर्गातला पक्षी त्याला मागे टाकतो: साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी कुठलेही मांस बेताने खावे, त्याला फेझंट अपवाद नाही.

कमी चरबीचे कौतुक पातेल्यात टिकत नाही, हेही इथेच सांगितलेले बरे. सुक्या खोबऱ्याचा दोन-तृतीयांश भाग चरबी असते. वाटणात 25 ग्रॅम खोबरे पडले की सुमारे 16 ग्रॅम चरबी आली, म्हणजे 400 ग्रॅम फेझंटमध्ये असते त्याहून जास्त. वर तवंगाचे तेल वेगळेच. रस्सा त्यामुळे वाईट ठरत नाही, पण ‘रानपाखराचं मटण म्हणजे औषध’ म्हणत चार वाट्या ओरपणाऱ्याने हिशेब मांसाचा नव्हे, वाटणाचा करावा. औषधी मांसाच्या दाव्यांना या भागाने पैशाचीही किंमत मोजली आहे. 2019 मध्ये कडकनाथ पालनाच्या योजनेत शेकडो शेतकऱ्यांची फसवणूक झाल्याचे प्रकरण इस्लामपुरातून उघडकीस आले. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची कोंबडीची चांगली जात आहे, पण तिच्या काळ्या मांसाला चिकटलेले चमत्कार वेगळे.

सुरक्षितता

शिकारीच्या पक्ष्यातला सर्वांत वेगळा धोका शिशाचा. पारंपरिक काडतुसातले छर्रे शिशाचे असतात. मांसात घुसताना त्यांचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून दूरपर्यंत पसरतात. छर्रा उचलून टाकला तरी कण राहतात. शिजवल्याने शिसे नष्ट होत नाही, उलट व्हिनेगर, चिंच, दही अशा आंबट पदार्थात ते अधिक विरघळते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही आणि लहान मुलांच्या मेंदूवर व गर्भावर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबाने दुकानातून फेझंट घेतला, तर तो शिशाच्या छर्ऱ्याने मारलेला नाही ना, हे विचारावे. जखमेभोवतीचे काळपट मांस हात सैल सोडून कापून टाकावे.

बाकीचे धोके सगळ्याच कोंबडवर्गाचे. साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू कच्च्या मांसावर असतात. मांस आतपर्यंत 74 अंश सेल्सियसला पोहोचले की ते मरतात. खळखळत्या रश्श्यात ही अट आपोआप पुरी होते. चूक बहुधा त्याआधी घडते. नळाखाली धो-धो धुतल्याने शिंतोडे ओट्यावर, बाजूच्या कोथिंबिरीवर जातात. ज्या विळीवर कोंबडी कापली तिच्यावरच, नुसती पुसून, कांदा चिरला जातो, आणि तो कांदा लिंबाबरोबर कच्चाच ताटात येतो. धुवायचेच असेल तर पातेल्यात, हलक्या हाताने. बर्ड फ्लूच्या साथी महाराष्ट्राने पाहिल्या आहेत: 2006 मध्ये नवापूर, 2021 मध्ये परभणीजवळ मुरुंबा. तो विषाणूही नीट शिजवल्यावर टिकत नाही. मेलेला पक्षी मात्र सोलायलाच घेऊ नये, रानातला तर नाहीच. बीजप्रक्रिया केलेले विषारी दाणे त्याच्या पोटात गेले असतील, तर ते बाहेरून ओळखता येत नाही.

फेझंट मारल्यावर तो न सोलता थंड जागी काही दिवस टांगून ठेवायची युरोपात रीत आहे. त्याने मांस मऊ पडते, वास उग्र होतो. फ्रेंचमध्ये या उग्रपणाला शब्दच फेझंटवरून पडला आहे. ही रीत थंडीच्या देशाची, दहा अंशांखालच्या हवेची. म्हसवडच्या उन्हात टांगलेला पक्षी संध्याकाळपर्यंत फेकून द्यावा लागेल. आपल्याकडे कापले की चुलीवर, ही घाई हवामानाने शिकवलेली आहे.

शिजवणे

फेझंटच्या छातीचे मांस पांढरे, धावत्या पायाचे गडद आणि शिरांनी भरलेले. छाती 74 अंशांपलीकडे गेली की कोरडी, दोऱ्यासारखी होते. पायातल्या चिवट ऊतींना विरघळून लिबलिबीत व्हायला मात्र मंद, ओली आणि लांब आच लागते. एकाच पातेल्यात दोघांचे जमत नाही. युरोपात यावर दोन तोडगे: छातीवर डुकराच्या चरबीचे काप पांघरून भाजणे, नाहीतर वाइन किंवा सायडरमध्ये झाकून शिजवणे. वय ओळखायची खूण पायामागचा काटा. आखूड आणि बोथट असेल तर कोवळा, लांब आणि टोकदार असेल तर निबर. आपल्याकडे कोंबडा पारखतानाही नजर आधी तिथेच जाते.

निबर कोंबड्यावरची इकडची रीत या अडचणीला नेमकी लागू पडते. तेलात कांदा परतायचा, मीठ-हळद-आलं-लसूण लावलेले मांस घालायचे आणि त्याच्याच सुटलेल्या पाण्यात ठेवायचे. वर खोलगट ताट झाकायचे आणि ताटात पाणी ओतायचे. पातेल्यातली वाफ ताटाच्या गार बुडाला लागून परत मांसावर थेंब-थेंब पडते, त्यामुळे मांस भाजतही नाही आणि सुकतही नाही. ताटातले पाणी तापले की पळीने तेच आत सोडायचे आणि वर गार पाणी भरायचे. गार पाणी थेट मांसावर घालायचे नाही, त्याने मांस आखडते असे बायका सांगतात; शिजणे थांबते एवढे तरी नक्की. गावरान कोंबड्याला अशा जाळावर तासभर सहज लागतो, फेझंटच्या पायांना जवळपास तितकाच. छातीचे तुकडे शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत टाकावेत. कुकरने वेळ वाचतो, पण पाय मऊ होईस्तोवर छातीचा भुसा होतो.

या टप्प्यावर जे पाणी सुटते ते अळणी. तिखट घालण्याआधी वाटीभर काढून लहान मुलाला, आजाऱ्याला, बाळंतिणीला देतात. कमी चरबीच्या मांसाचा खरा फायदा कुठे मिळत असेल तर या वाटीत. मग भाजलेला कांदा, खोबरे, तीळ, खसखस यांचे वाटण आणि कांदा-लसूण चटणी. सांगलीकडे चटणी म्हणजे हा मसाला, तोंडी लावायची चटणी नव्हे. फेझंटला वाटण निम्मे पुरे, नाहीतर त्याची सौम्य, किंचित रानटी चव चटणीखाली बुडते आणि मग ब्रॉयलर काय वाईट होता असे वाटते.

स्थानिक बाजारात या चवीच्या जवळ जाणारा कायदेशीर पक्षी म्हणजे पाळलेली जपानी बटेर, लावरीचीच एक जात. ती पाच-सहा आठवड्यांत तयार होते, वजन पाव किलोच्या आतबाहेर, म्हणून माणशी एक-दोन लागतात. एवढीशी ती, तिला तासभर जाळ देऊ नये. अख्खी, चिरा पाडून, चटणी-दही लावून तव्यावर वीस मिनिटे पुरतात.

उरलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा. रात्रभर चुलीवर राहिलेला, सकाळी शिळ्या भाकरीबरोबर खाल्लेला रस्सा अधिक मुरतो हे खरे. पण तो मुरायचा तर फ्रिजमध्येही मुरतो, फक्त खाण्याआधी पुन्हा एकदा खळखळून उकळावा लागतो.