न दुखणारा पाय आणि मोज्याचे काम

औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात अलीकडे ‘डायबेटिक सॉक्स’ या नावाने मोजे विकले जातात. काहींच्या वेष्टनावर चांदीचे धागे, बांबूचे तंतू, अवरक्त किरण असे भारदस्त शब्द असतात आणि जोडीला रक्ताभिसरण सुधारण्याचे, मुंग्या थांबवण्याचे आश्वासन असते. मधुमेहामुळे पायाच्या चेतातंतूंना झालेली इजा कोणताही मोजा भरून काढत नाही. तरीही मधुमेही व्यक्तीने मोजे चोखंदळपणे निवडावेत असे मला वाटते, कारण ज्या पायाची वेदना हरवली आहे त्या पायासाठी वेदनेच्या कामातला थोडासा वाटा मोजा उचलू शकतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. ‘पाय दुखत नाहीत, म्हणजे पाय ठणठणीत आहेत’ हा समज त्यांच्यात घरोघरी आढळतो. मधुमेह जुना असेल तर हा समज पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकतो.

अंगठ्याला झालेला स्पर्श कळवणाऱ्या चेतापेशीचे मुख्य शरीर कमरेच्या भागात, पाठीच्या कण्यालगत असते आणि तिथून निघालेला तिचा तंतू सुमारे एक मीटर लांब जाऊन अंगठ्यात संपतो. या तंतूच्या बांधणीला लागणारी बहुतेक प्रथिने पेशीच्या शरीरातच तयार होऊन पुढे रवाना होतात आणि त्यांतील काहींचा वेग दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर असतो. कालव्याला पाणी कमी सुटले की शेवटच्या टोकाची शेते आधी सुकतात, त्याचप्रमाणे चेतापेशीची तब्येत बिघडली की सर्वांत लांबचे टोक आधी मरते. ती बिघडते कशी? चेतापेशीत ग्लुकोज शिरण्यासाठी इन्सुलिनची गरज नसते, त्यामुळे रक्तातील साखर वाढली की पेशीतलीही वाढते. हे जादा ग्लुकोज अल्डोज रिडक्टेज नावाचे विकर (एन्झाइम) सॉर्बिटॉलमध्ये बदलते आणि त्या कामात एनएडीपीएच हा रेणू खर्ची पडतो. ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूला पुन्हा कामावर आणण्यासाठीही एनएडीपीएचच लागत असल्याने पेशीचा ऑक्सिडीकरणापासूनचा बचाव दुबळा पडतो. त्यातच चेतातंतूंना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंती जाड होतात. अल्डोज रिडक्टेजला रोखणारी औषधे रुग्णांमध्ये अपेक्षेइतकी प्रभावी ठरली नाहीत, यावरून बिघाडाच्या वाटा अनेक आहेत हे दिसते. बधिरता मात्र ठरलेल्या क्रमाने, दोन्ही पायांच्या बोटांपासून वर चढत जाते.

याच काळात पावलातील लहान स्नायूंचे चेतातंतूही क्षीण होतात, बोटे आखडून वाकतात आणि चालताना सगळा भार चवड्याच्या हाडांवर येतो. घामाच्या ग्रंथी सुस्तावल्याने कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात आणि दाबाच्या जागी घट्टे धरतात. घट्टा स्वतःच बुटातल्या खड्यासारखा आतल्या मांसावर दाब टाकत राहतो.

एवढ्यावरूनही जखम का होते हे पुरते उलगडत नाही. ते कोडे सोडवण्यात पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाचा मोठा वाटा आहे. १९१४ मध्ये तमिळनाडूतील कोल्ली टेकड्यांत जन्मलेले ब्रँड १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांवर उपचार करत होते. कुष्ठरोगात मांस आपोआप सडते असे त्या काळी मानले जाई. मांसाला मूलतः काही झालेले नसून, वेदना जाणवत नसल्याने रोजच्या वापरातल्या इजांकडे दुर्लक्ष होते आणि त्यातून बोटे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. १९६६ मध्ये ते अमेरिकेत लुइझियानातील कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले आणि तिथे हाच विचार मधुमेहींच्या पायांना लागू झाला. तिथल्या प्रयोगांत उंदरांच्या तळव्यांवर यंत्राने मध्यम दाब हजारो वेळा दिला असता पहिल्या दिवशी विशेष काही होत नसे. तोच क्रम दिवसेंदिवस चालू ठेवल्यावर मात्र तळवा गरम होई, सुजे आणि शेवटी तिथे व्रण पडे. निरोगी माणूस लांब चालल्यावर नकळत लंगडतो, भार पायाच्या कडेवर घेतो, पाऊल जपून टाकतो आणि तापलेल्या जागेला विश्रांती देतो. बधिर पाय पहिल्या पावलाइतक्याच निर्धास्तपणे दहा हजारावे पाऊल टाकतो.

दाब सरळ खाली असतो, पण चालताना हाड पुढे सरकते आणि कातडी बुटाला चिकटून मागे राहते, त्यामुळे कातडीच्या थरांत आडवा ताण निर्माण होतो. फोड येतो तो प्रामुख्याने या ताणामुळे. ओलसर कातडीचे घर्षण कोरडीपेक्षा जास्त असल्याने ती अधिक घट्ट धरली जाते आणि ताण वाढतो. चांगल्या मोज्याने ही सरकण्याची क्रिया कातडीच्या आत होऊ न देता मोजा आणि बूट यांच्यामध्ये होऊ द्यायची असते. दुहेरी थराच्या मोज्यांमागे हाच विचार आहे. निव्वळ सुती मोजा ओलावा धरून ठेवतो आणि भिजल्यावर आकार सोडतो, म्हणून जास्त चालणाऱ्यांना घाम बाहेर सोडणारे मिश्र धाग्याचे, तळाशी किंचित जाड मोजे अधिक सोयीचे पडतात. तरीही रोज धुतलेला, नीट मापाचा सुती मोजा हा महागड्या पण घट्ट मोज्यापेक्षा केव्हाही बरा. जाड मोजा नेहमीच्या बुटात कोंबला तर बूटच घट्ट होतो, त्यामुळे बुटाचे माप मोजे घालूनच घ्यावे.

बोटांवरची शिवण जाड असेल तर मोजा उलटा घालावा. काढल्यावर पिंढरीवर खोल वळ उरत असेल तर इलॅस्टिक घट्ट आहे असे समजावे. सूज किंवा फुगलेल्या शिरांसाठी दिले जाणारे दाब देणारे लांब मोजे ही निराळी वस्तू आहे आणि पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय मधुमेहींनी ते वापरू नयेत. रंग पांढरा किंवा फिका असावा, कारण तळव्यात काटा शिरला तरी न कळणाऱ्या माणसाला रक्ताचा किंवा पुवाचा डाग संध्याकाळी मोज्यावरच दिसतो. अंगठ्याच्या चपलेत मोजे बसत नाहीत. मागे पट्टा असलेली, मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) तळाची चप्पल अधिक बरी. घरातही अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर फिरू नये. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर बधिर तळवा भाजतो आणि घरी येईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

कारली तुडवून तोंडात कडवट चव आली की साखर उतरते, असा उपाय मोबाइलवरून फिरत असतो. तळव्यातून रक्तातली साखर उतरत नाही; भेगांमधून जंतू मात्र आत शिरतात. गरम पाण्याच्या पिशवीने शेकणे आणि पायाचे कुरूप ब्लेडने कापणे हे तसेच घातक उद्योग आहेत.

दोन्ही तळव्यांवरील त्याच जागेच्या तापमानात २.२ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक फरक सलग दिसत राहिला तर आत दाह सुरू असण्याची शक्यता असते, म्हणून चालणे कमी करून डॉक्टरांना दाखवावे. दवाखान्यात १० ग्रॅम जोर लागताच वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून बधिरता तपासतात. तपासणीला काही मिनिटे पुरतात आणि ती वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. कोणी सांगितले नाही तरी तपासणीच्या वेळी मोजे आपणहून काढून ठेवावेत.