हालचालीची पूर्वतयारी आणि मेंदूचे चुंबकीय उद्दीपन

अवयव हलण्याआधी मेंदूत आणि मेरुरज्जूत जी जुळवाजुळव होते, तिला हालचालीची पूर्वतयारी म्हणतात. कवटीला हात न लावता डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन या तयारीचा माग काढता येतो. या पद्धतीचे रूढ नाव कवटीपार चुंबकीय उद्दीपन, प्रयोगशाळेतल्या बोलीत टीएमएस. ही तयारी म्हणजे काय, हे कोल्हापुरात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तालमीच्या हौद्यात खडाखडी चाललेली असते. दोन्ही मल्ल कमरेत वाकलेले, हात एकमेकांच्या मानेवर, पायाची बोटे लाल मातीत रुतलेली. पट काढायचा की ढाक लावायची हे एकाच्या मनात पक्के झालेले असते, पण अंग अजून डावात उतरलेले नसते. ठरणे आणि हलणे यांच्यामधला हा काळ सेकंदाच्या अंशाएवढा असतो, आणि कडेला उभ्या असलेल्या वस्तादालाही तो आतून दिसत नाही.

तंत्राचा आरंभ कोठून धरावा याबद्दल मतभेद आहेत. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीजप्रवाह निर्माण होतो हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. १८९६ मध्ये फ्रान्समध्ये दार्सोनव्हाल यांनी आणि १९१० च्या सुमारास इंग्लंडमध्ये सिल्व्हेनस टॉम्पसन यांनी मोठ्या वेटोळ्यात डोके ठेवून पाहिले, तेव्हा डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकल्याचे जाणवले. काही लेखक येथूनच इतिहास सुरू करतात. मात्र तो प्रकाश मेंदूतून नव्हे, तर बहुधा दृष्टिपटलातून येत असावा असे आज मानले जाते. त्यामुळे या प्रयोगांना पूर्वज म्हणणे ठीक, आरंभ म्हणणे कठीण. मेर्टन आणि मॉर्टन यांनी १९८० मध्ये डोक्याच्या त्वचेवरून विजेचा झटका देऊन शुद्धीवर असलेल्या माणसाचा हात हलवून दाखवला. पण हा झटका दुखतो. शेफील्डच्या अँथनी बार्कर, जलिनूस आणि फ्रीस्टन यांनी १९८५ मध्ये चुंबकीय स्पंदाने तेच काम जवळजवळ वेदनेविना साधले. पूर्वतयारीच्या अभ्यासापुरते १९८५ हेच वर्ष धरावे, कारण एकाच बैठकीत शेकडो स्पंद सोसता आले तरच तयारीचा आलेख काढता येतो. विजेची जुनी पद्धत त्यामुळे निकामी झाली असे मात्र नाही. ती मेरुरज्जूकडे उतरणाऱ्या तंतूंना बऱ्याच अंशी थेट चेतवते, तर चुंबकीय स्पंद बाह्यकातील, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातील, पेशींच्या जाळ्यामार्फत काम करतो. म्हणून दोन्हींची तुलना केली की बदल मेंदूत झाला की त्याखाली, याचा अंदाज बांधता येतो.

यंत्रात साठवलेली वीज तांब्याच्या वेटोळ्यातून एका झटक्यात सोडतात. एक मिलिसेकंदाहून कमी वेळात साधारण १.५ ते २ टेस्ला एवढे क्षेत्र उठून ओसरते. ते हाडातून विनाअडथळा जाते आणि दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या पेशींना चेतवते. इंग्रजी आठाच्या आकाराचे वेटोळे प्रेरक बाह्यकाच्या, म्हणजे हालचाल घडवणाऱ्या बाह्यकाच्या, हाताच्या भागावर धरले की ‘टक्’ असा आवाज होतो आणि मांडीवर सैल ठेवलेल्या हाताची तर्जनी आपोआप उडते. प्रथमच अनुभवणारा माणूस हाताकडे बघतच राहतो, कारण बोट त्याचे असले तरी ते त्याने हलवलेले नसते. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातल्या स्नायूवर चिकटवलेल्या, स्नायूतली वीज टिपणाऱ्या विद्युदग्रांवर सुमारे २० मिलिसेकंदांनी एक लाट उमटते. बाह्यकापासून स्नायूपर्यंतची वाट त्या क्षणी किती सज्ज आहे, हे त्या लाटेच्या उंचीवरून कळते. दहा स्पंदांपैकी निदान पाचांना ५० मायक्रोव्होल्टची लाट उठेल अशी किमान तीव्रता म्हणजे त्या व्यक्तीचा उंबरठा. वेटोळे थोडे जरी कलले तरी आकडे बदलतात.

प्रयोगाचा साचा सोपा आहे. आधी सूचना येते: डावे बोट की उजवे. मग थोडी प्रतीक्षा, आणि शेवटी इशारा. या काळात वेगवेगळ्या क्षणी स्पंद देतात. स्नायू कामाला लागण्याच्या आधीच्या सुमारे १०० मिलिसेकंदांत त्या स्नायूची लाट वाढत जाते, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ज्ञात आहे. लंडनमध्ये डे, रॉथवेल आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवले, की इशाऱ्यानंतर जोरदार स्पंद दिला तर हालचाल १५० मिलिसेकंदांपर्यंत लांबते, पण होते तेव्हा तिची घडण जशीच्या तशी असते. बेत मोडत नाही, तो नुसता खोळंबतो.

खरा वाद प्रतीक्षेच्या काळाबद्दल आहे. ज्या बोटाने काम करायचे त्याची लाट इशाऱ्याची वाट पाहताना वाढावी, अशी कोणाचीही अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती घटते. हास्ब्रूक (१९९७) आणि तौगे (१९९८) यांच्या गटांनी हे नोंदवले. न वापरायच्या हाताची लाटही घटते. द्यूक आणि आयव्हरी यांच्या मांडणीनुसार येथे दोन दमने एकाच वेळी चालतात: एक पर्यायांमधली स्पर्धा मिटवते, दुसरे निवडलेल्या अवयवाला इशाऱ्याआधी सुटू देत नाही. मेरुरज्जूचा प्रतिक्षेप, म्हणजे मेंदूला न विचारता उमटणारा स्नायूचा प्रतिसाद, फक्त निवडलेल्या हातात घटतो, या निरीक्षणाचा या मांडणीला आधार आहे. गंमत अशी की बाह्यकाच्या आतले दमन, जे काही मिलिसेकंदांच्या अंतराने दोन स्पंद देऊन मोजतात, ते याच वेळी सैल पडलेले आढळते. म्हणजे वर मेंदूत लगाम सुटतो आहे आणि खाली मेरुरज्जूत आवळला जातो आहे. २०१५ मध्ये ग्रीनहाउस आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की कामाशी संबंध नसलेले स्नायूही दबतात. त्यांच्या मते आसपासचा गलबला शांत झाला की निवडलेला संदेश उठून दिसतो. प्रस्तुत लेखकाला हे स्पष्टीकरण अधिक पटते, कारण असंबद्ध स्नायू का दबावेत याचे उत्तर ‘सुटू न देणे’ या कल्पनेत मिळत नाही. पण दोन्ही यंत्रणा सोबत असू शकतात. हुलीला न फसता आपला डाव राखून ठेवणारा मल्ल पाहिला की आवरून धरणे हाही तयारीचाच भाग वाटतो.

प्रेरक बाह्यकाच्या पुढे, कपाळाच्या बाजूला असलेल्या पूर्वप्रेरक भागावर स्पंद दिल्यास हालचालीची निवड बिघडते, एवढे येथे नमूद करावे. एक-दोन मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह काही मिनिटे देण्याची पद्धतही प्रचलित आहे, पण मिलिसेकंदांचा हिशेब तिने होत नाही. चुंबकीय स्पंद देताना कानात बोळे घालतात. डोक्यात धातू किंवा श्रवणरोपण असलेल्यांना ते देत नाहीत. अपस्मारासारखा झटका येण्याचा धोका अल्प, पण खरा आहे.

खेळाडूंवरील काम तुटपुंजे आहे. आग्लिओती आणि सहकाऱ्यांचा २००८ चा बास्केटबॉलपटूंवरील अभ्यास वारंवार सांगितला जातो, पण तो फेक पाहण्याबद्दलचा आहे, तयारीबद्दलचा नाही. कुस्तीला ही पद्धत लावणे दोन कारणांनी अवघड आहे. मेंदूतले पायाचे क्षेत्र दोन गोलार्धांमधल्या खाचेत खोलवर असते. शिवाय आवळलेल्या स्नायूत लाट मुळातच मोठी येते, आणि खडाखडीत मल्लाचा एकही स्नायू सैल नसतो. नेमबाजी या साच्याला जवळची आहे. २०१० च्या विश्वविजेत्या तेजस्विनी सावंत कोल्हापूरच्या, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे. तेथे अंग स्थिर असते आणि हलायचे असते ते फक्त चापावरचे बोट.