संगणकीय सिम्युलेशनद्वारे संभाव्यतेचे अध्यापन

यादृच्छिक प्रयोग संगणकावर हजारो वेळा करून, मिळालेल्या निकालांवरून संभाव्यतेच्या संकल्पना शिकवण्याची पद्धत. महाराष्ट्रात दहावीच्या गणितात नाणी, फासे आणि पत्ते यांच्या आधारे नमुना अवकाश (सर्व शक्य निकालांचा संच) व घटना शिकवतात. उत्तर अपूर्णांकात मिळते, पण प्रत्यक्ष निकाल त्याच्याभोवती किती हेलकावे खातात ते वहीत दिसत नाही. सिम्युलेशनचे खरे बळ तेच दाखवण्यात आहे.

प्रयोग जितके जास्त, तितके निकालांचे प्रमाण खऱ्या संभाव्यतेच्या जवळ जाते, हा गणितज्ञ याकोब बर्नुली यांचा बृहत् संख्यांचा नियम १७१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना गणितज्ञ जॉन केरिच यांनी नाणे १०,००० वेळा उडवले; छापा ५,०६७ वेळा पडला. संगणकाला त्यासाठी क्षणही पुरतो.

कोल्हापुरातल्या वर्गासाठी पंचगंगेच्या पुराइतके जवळचे उदाहरण नाही. २०१९ आणि २०२१ असे लागोपाठचे महापूर पाहिलेली मुले ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे काय, हे विचारणारच. या शब्दप्रयोगाचा अर्थ एवढाच, की तेवढा मोठा पूर येण्याची शक्यता दरवर्षी १ टक्का. स्प्रेडशीटमध्ये ३० ओळी घ्याव्यात. एक ओळ म्हणजे एक वर्ष. ० ते १ मधली यादृच्छिक संख्या ०.०१ पेक्षा लहान आली, तर त्या वर्षी पूर. तीस वर्षांच्या अशा १,००० मालिका चालवल्या, की साधारण २६० मालिकांत निदान एक पूर सापडतो आणि ३६ च्या आसपास मालिकांत दोन किंवा अधिक. सूत्रही तेच सांगते: ०.९९ चा तिसावा घात १ मधून वजा केला, की सुमारे ०.२६ उरतात. मात्र मालिका चालवण्याआधी प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घेतलाच पाहिजे, नाहीतर पडद्यावरचे आकडे नुसते बघून सोडले जातात.

इथे प्रत्येक वर्ष स्वतंत्र आणि शक्यता कायम १ टक्का धरली आहे, हे शिक्षकाने लपवू नये. वर्षांऐवजी दिवस घेतले तर हे गृहीतक लगेच कोसळते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर आज पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला असेल, तर उद्या ४३ फुटांची धोका पातळी गाठण्याची शक्यता एरवीच्या दिवसाइतकी कशी असेल? संगणक आपण घातलेल्या गृहीतकांचेच परिणाम दाखवतो. नदीचे त्याला काही ठाऊक नसते. हा मुद्दा वर्गात सर्वांत जास्त वेळ द्यावा असा आहे.

किती मालिका पुरेत, याचेही गणित आहे. वरच्या उदाहरणात १०० मालिकांवरून काढलेल्या उत्तराची प्रमाण त्रुटी (म्हणजे उत्तर खऱ्या किमतीपासून साधारण किती हलते ते) सुमारे ४.४ टक्के बिंदू येते, १०,००० मालिकांत ०.४४. त्रुटी निम्मी करायची तर मालिका चौपट लागतात.

शाळेत स्प्रेडशीट पुरते. महाविद्यालयात आर किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरता येते. या भाषांत यादृच्छिक संख्या सूत्रानेच तयार होतात, त्यामुळे सुरुवातीचा आकडा सारखा दिला तर सगळ्यांना त्याच संख्या त्याच क्रमाने मिळतात. पहिल्या तासाला तो सारखा ठेवावा आणि नंतर प्रत्येकाला वेगळा द्यावा. मग शेजाऱ्याचे उत्तर आपल्यापेक्षा थोडे वेगळे का आले, यावर मुले आपसूक बोलू लागतात.