विंगर, इंग्लिश फुटबॉलच्या खालच्या विभागांतील

मैदानाच्या कडेने चेंडू घेऊन धावणाऱ्या आणि तो गोलासमोर क्रॉस करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूस विंगर म्हणतात. दोन फुलबॅक (बचावपटू), तीन हाफबॅक (मधल्या फळीतील खेळाडू) आणि पाच आघाडीचे खेळाडू या जुन्या रचनेत उजव्या विंगरच्या पाठीवर 7 व डाव्याच्या पाठीवर 11 हा अंक असे. ही नोंद इंग्लंडमधील खालच्या विभागांत खेळणाऱ्या विंगरपुरती आहे. त्याची कारकीर्द बहुधा अल्पजीवी ठरते.

1888 मध्ये स्थापन झालेल्या फुटबॉल लीगमध्ये 1920 साली तिसरा विभाग आला, पुढच्याच वर्षी त्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि 1958 मध्ये त्यांतून देशव्यापी तिसरा व चौथा विभाग तयार झाला. प्रीमियर लीगखालच्या चॅम्पियनशिप, लीग वन व लीग टू या आजच्या तिन्ही स्तरांवर प्रत्येकी 24 संघ असून एका हंगामात प्रत्येक संघाला साखळीचेच 46 सामने खेळावे लागतात.

विंगरचे मुख्य भांडवल म्हणजे वेग, आणि शरीरातून सर्वांत आधी ओसरतो तोही वेगच. अंदाज व जागेची जाण यांच्या बळावर सेंटर-हाफ, म्हणजे मधला बचावपटू, पस्तिशीपर्यंत टिकू शकतो. मांडीच्या मागचा स्नायू दोनदा फाटलेल्या विंगरला मात्र फुलबॅक सहज गाठतो. त्यात हिवाळ्यात चिखल झालेले मैदान आणि पाठीमागून पाय घालणारा प्रतिस्पर्धी, हे खालच्या विभागांत वर्षानुवर्षे नेहमीचेच होते. गंमत अशी की लीगमध्ये बदली खेळाडूची मुभा 1965 मध्ये मिळेपर्यंत, सामन्यात जखमी झालेल्या खेळाडूला निदान संख्या भरावी म्हणून लंगडत का होईना विंगवरच उभे करीत. सर्वांत चपळ माणसाची जागा अशी सर्वांत निकामी माणसाच्याही वाट्याला येई.

दुसरे कारण करारात दडलेले आहे. हंगाम संपला की क्लब कोणाला ठेवणार आणि कोणाला सोडणार याची यादी जाहीर करतो. जुन्या नियमांनुसार करार संपल्यावरही खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राहत असे, त्यामुळे मनाविरुद्ध अडकून पडणे किंवा अचानक मोकळे होणे, दोन्ही क्लबच्या मर्जीवर होते. जॉर्ज ईस्टहॅम याने न्यूकॅसल युनायटेडविरुद्ध लढलेल्या दाव्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी 1963 मध्ये ही पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावर अवाजवी बंधन घालणारी ठरवली. त्याआधी जानेवारी 1961 मध्ये आठवड्याला 20 पौंडांची कमाल वेतनमर्यादा उठली होती, पण तिचा खरा लाभ वरच्या विभागातील नामवंतांना झाला. खालचे क्लब तिकीटविक्रीवर जेमतेम तग धरून होते.

डावपेचांनीही विंगरची जागा आक्रसली. इंग्लंडचे प्रशिक्षक आल्फ रॅम्झी यांनी 1966 चा विश्वचषक पारंपरिक विंगरशिवाय जिंकल्यावर अनेक प्रशिक्षकांनी त्यांचे अनुकरण केले आणि कडेच्या खेळाडूने मागे येऊन बचावही करावा, ही अपेक्षा रूढ झाली.

अपवाद दोन प्रकारचे आढळतात. गुणी विंगर खालच्या स्तरावर फार काळ राहत नाही, कारण पैशांची निकड असलेला क्लब त्याला विकतो: दुसऱ्या विभागातील ओरिएंटचा लॉरी कनिंगहॅम 1977 मध्ये वेस्ट ब्रॉमविचला आणि 1979 मध्ये रेआल माद्रिदला गेला. उलट नामवंत विंगर स्टॅन्ली मॅथ्यूज 1961 मध्ये दुसऱ्या विभागात असलेल्या स्टोक सिटीकडे परतले, 1963 मध्ये संघासह पहिल्या विभागात चढले आणि 1965 मध्ये वयाची पन्नाशी पूर्ण झाल्यावरच त्यांनी लीगचा शेवटचा सामना खेळला. मॅथ्यूज यांच्यावरून मात्र कोणताही नियम बांधता येत नाही.

बाकीच्यांची वाट लीगबाहेरच्या अर्धव्यावसायिक क्लबांकडे जाते. तेथे दिवसा दुसरी नोकरी, आठवड्यात दोनेक संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना, असा क्रम असतो.