स्लॅबवरील केशभेगा

नव्या घराच्या काँक्रीट स्लॅबवर पहिल्या काही तासांत किंवा महिन्यांत उमटणाऱ्या केसाएवढ्या बारीक भेगा. त्यांची रुंदी सहसा मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून तीन दशांशापर्यंत असते. ०.३ मिमी म्हणजे ढोबळमानाने लग्नपत्रिकेच्या जाड कागदाएवढी फट. आयएस ४५६:२००० या भारतीय मानकात साध्या हवामानातल्या लोखंडी काँक्रीटसाठी हीच मर्यादा धरली आहे, सतत ओलसर राहणाऱ्या भागासाठी ती ०.२ मिमी आहे. म्हणजे काँक्रीटला भेग पडणारच हे मानकालाही मान्य आहे. घरमालकाला मात्र ते सहसा कोणी आधी सांगत नाही.

विदर्भाच्या खेड्यांत ही धास्ती तशी नवी आहे. वऱ्हाडातल्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घराला दरवर्षी पावसाळ्याआधी मातीचा थर द्यावा लागे, पूर्वेकडे धानपट्ट्यात कवेलू, म्हणजे छपराची कौले, फेरावे लागत. छत गळणे हे वर्षाचे एक काम होते. स्लॅब टाकला की हे काम कायमचे सुटले, अशी समजूत झाली. त्यामुळे गच्चीवर पहिली रेघ दिसताच सिमेंट खोटे निघाले की मिस्त्रीने फसवले, यावर पारावर चर्चा सुरू होते. बहुतेक वेळा खरे कारण स्लॅब टाकण्याच्या दिवसात असते.

गावात बांधकामाचा हंगाम शेतीच्या हंगामावर ठरतो. कापूस, तूर, हरभरा घरी आला की हातात पैसा येतो, मजूर मोकळे असतात आणि मृगाच्या आत डोक्यावर छत हवे असते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचे हप्तेही बांधकामाच्या टप्प्यानुसार मिळतात, तीही घाई असते. स्लॅब मग एप्रिल-मे महिन्यात, कधी ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या तापट नऊ दिवसांत, टाकला जातो. अकोला, चंद्रपूर, वर्धा या भागांत पारा ४५ अंशांच्या आसपास, हवा कोरडी, दुपारी झांजा, म्हणजे गरम वारे. काँक्रीटच्या पृष्ठभागावरून तासाला चौरस मीटरमागे १ किलोहून अधिक पाणी उडू लागले की भेगांचा धोका वाढतो, असा तंत्रज्ञांचा संकेत आहे. २५ चौरस मीटरच्या घरकुलावर हे पाणी तासाला २५ लिटर होते, म्हणजे जवळपास दोन बादल्या. खालून वर येणारे पाणी एवढी भरपाई करू शकत नाही. वरची साय आक्रसते, आतला माल ओलाच असतो, आणि काँक्रीट आवळायच्या आत ते फाटते.

या भेगा ओळखू येतात. त्या एकमेकींना साधारण समांतर, बऱ्याचदा तिरप्या असतात आणि सहसा कडेपर्यंत पोहोचत नाहीत. माल हिरवा, म्हणजे अजून ओला, असेपर्यंत पुन्हा रंधा (पृष्ठभाग घोटायची फळी) मारला तर त्या मिटतात. वरून कोरडे सिमेंट भुरभुरून गुळगुळीत घोटलेल्या गच्चीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते, ती नुसती कातडीची भेग असते. सळईच्या रेषेतच भेग दिसली तर माल खाली बसताना सळईवर अडला, असे समजावे.

दुसरे आक्रसणे सावकाश होते. काँक्रीट सुकताना लांबीच्या सुमारे ०.०००३ पट कमी होते, असे मानक धरते. १० मीटरच्या स्लॅबला हे ३ मिमी होतात. मिक्सरवर पाण्याचा हात सैल सोडला की हे आणखी वाढते. एम-२० या दर्जाच्या, म्हणजे सिमेंट, रेती आणि गिट्टीच्या १:१.५:३ मिश्रणाला, ५० किलोच्या पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालते, आणि ओल्या रेतीतले पाणीही त्यातच मोजायचे असते. घमेल्यातून माल सरसर ओतावा म्हणून मारलेली जादा बादली गच्चीवर रेघ होऊन दिसते.

उन्हाचा हिशेबही याच मापाचा. १० मीटर स्लॅब ३० अंशांनी तापला तर सुमारे ३ मिमी वाढतो आणि रात्री परत येतो. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खाली, भिंतीत पडणारी आडवी रेघ बहुधा याच ओढाताणीची. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारल्याने ती थोडी आवरते.

खरी काळजी करावी अशा भेगा थोड्या आहेत. स्लॅबच्या पोटाला, दोन आधारांमधल्या गाळ्याच्या मधोमध, दिवसागणिक रुंदावणारी भेग. सोबत स्लॅब वाकलेला दिसणे. सळईच्या रेषेत गंजाचा डाग. सर्वांत वाईट म्हणजे छज्जाच्या मुळाशी, वरच्या अंगाला पडलेली भेग. छज्जाची सळई वरच असावी लागते, आणि माल टाकताना मजुरांच्या पायांखाली ती खाली दबते. अशा वेळी छज्जाखाली टेकू देऊन अभियंत्याला बोलवावे, सिमेंट चोपडत बसू नये.

खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यांसारखी चढणारी, उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसात मिटणारी भेग भिंतीची असते. तिचे मूळ काळ्या मातीत. रेगूर, म्हणजे हीच काळी माती, उन्हात आक्रसते, पाण्याने फुगते. मुरूम लागेपर्यंत पाया न खणलेल्या घराला ती दरवर्षी हलवते. अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर केलेले खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केले. गावात ते क्वचितच दिसतात.

प्रतिबंध स्वस्त आहे. माल पहाटे टाकावा, सेंट्रिंगचे पत्रे आधी ओले करावेत, रंधा मारताच ओले बारदाने किंवा पूर्वेकडे धानाचे तणीस अंथरावे, आणि दुसऱ्या दिवसापासून आळी, म्हणजे छोटे बांध, बांधून पाणी साठवावे. गरम-कोरड्या हवेत साध्या सिमेंटला निदान १० दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला १४ दिवस तराई, म्हणजे पाण्याने ओलावा राखणे, हवी. चार दिवस पाणी मारून थांबणारे पुष्कळ. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असते, तेव्हा दोष सगळा आळसाचा नसतो. पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण: बोअरचे खारे पाणी मालात मिसळले की सळई गंजायला लागते. लोखंडी काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असावे. तिथे टँकरचे गोडे पाणी मालासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

भेग पडलीच तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची खूण करून तारीख लिहावी आणि दोन-तीन महिने पाहावे. खुणेच्या पुढे न सरकलेली केशभेग सिमेंटच्या पातळ रसाने किंवा जलरोधक लेपाने बुजवता येते. आरपार गेलेलीत कमी दाटीचे इपॉक्सी सोडतात. फार बारीक भेगा ओलाव्याने आपणहून पांढऱ्या चुनखडीने भरून येतात, आणि छताला दिसणारी ती पांढरी रेघ पाहून घरचे पुन्हा मिस्त्रीला फोन लावतात.