हवामानबदलाचे आरंभीचे इशारे

खनिज इंधने जाळल्याने पृथ्वी तापेल, असे शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वेळोवेळी सांगितले. हे इशारे राज्यकर्त्यांपर्यंत वेळेत पोचले होते, आणि म्हणूनच हा इतिहास वाचताना मन अस्वस्थ होते.

वातावरण उष्णता धरून ठेवते, ही कल्पना फ्रेंच गणिती जोझेफ फूरिए यांनी १८२४ मध्ये मांडली. १८५६ मध्ये अमेरिकेतील युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापले आणि उन्हातून काढल्यावर निवायलाही त्यालाच फार वेळ लागला. हवेत हा वायू पूर्वी जास्त असेल, तर पृथ्वीही जास्त उष्ण असली पाहिजे, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. पुढे शतकभराहून अधिक काळ त्यांचे नाव विस्मृतीत गेले, हा मोठाच अन्याय होय.

स्वीडनचे स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हाताने आकडेमोड करून, हा वायू दुप्पट झाल्यास तापमान ५ ते ६ अंश सेल्सियसने वाढेल असे काढले. थंड देशातल्या या शास्त्रज्ञाला ती वाढ सुखावह वाटली होती. ब्रिटिश अभियंते गाय कॅलेंडर यांनी १९३८ मध्ये १४७ हवामान केंद्रांच्या नोंदी जुळवून तापमानवाढ सुरू झाल्याचे दाखवले, पण बहुतेक हवामानतज्ज्ञांना ते पटले नाही.

हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण खरोखर वाढते आहे का, या प्रश्नाचा निकाल अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी लावला. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये त्यांनी मोजणी सुरू केली, तेव्हा हे प्रमाण दर दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होते. पुढे दरवर्षी ते चढतच गेले. १९६५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना त्यांच्या विज्ञान सल्लागारांनी या धोक्याचा अहवाल दिला. त्यात समुद्रावर प्रकाश परावर्तित करणारे कण पसरण्याचा उपाय सुचवला होता. इंधन कमी जाळावे, असे मात्र कुठेच म्हटले नव्हते. पुढच्या साऱ्या टाळाटाळीचे बीज मला या अहवालातच दिसते.

अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी यांच्या समितीच्या १९७९ च्या अहवालाने या वायूच्या दुप्पट प्रमाणासाठी सुमारे ३ अंश वाढीचा अंदाज दिला. तो आजही टिकून आहे. त्यानंतर अज्ञानाची सबब उरली नाही. १९८८ मध्ये ‘नासा’चे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी तापमानवाढ सुरू झाली असल्याची साक्ष अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे दिली. पुढच्याच वर्षी तेल, कोळसा आणि मोटार उद्योगांनी एकत्र येऊन आघाडी उभारली व विज्ञानाविषयी शंका पसरवल्या.

ओझोनच्या थराला पडलेले छिद्र १९८५ मध्ये जाहीर झाले आणि दोनच वर्षांत त्या थराला घातक रसायने आटोक्यात आणणारा माँट्रियल करार झाला. तिथे मोजक्या रसायनांना पर्याय शोधायचा होता. हवामानबदलाच्या बाबतीत साऱ्या उद्योगांचे इंधनच बदलायचे होते. १९९२ च्या रिओ परिषदेतील करारात उत्सर्जनकपातीची बंधनकारक उद्दिष्टे नव्हती. ती क्योटो कराराने १९९७ मध्ये श्रीमंत देशांपुरती घातली, पण अमेरिकेने त्याला मान्यता दिली नाही. खनिज इंधनांपासून आजवर झालेल्या एकूण उत्सर्जनापैकी निम्म्याहून अधिक १९९० नंतरचे आहे. मौना लोआवरचा आकडा आता ४२० च्या पुढे गेला आहे.